पट्टा चढेपर्यंत

आदिलाबाद,
१२ ऑगस्ट १९९३

श्री. चंपतराव यांस,

नमस्कार. तुम्ही, देवकाबाई आणि घरची मंडळी बरी असाल असं धरून चालते. मीही बरी आहे, गुडघे सोडले तर.

तुमच्या गावचा एक शेतकरी इथं कापसाचं बियाणं न्यायला आला होता, त्याच्याकडून पत्ता मिळाला. चौदा वर्षांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र आलेलं पाहून तुम्हाला नवल वाटेल. वाटू द्या. माझं अक्षर पूर्वी होतं तसंच आहे. एखादी ओळ लागली नाही तर औषधाची चिठ्ठी समजून सोडून द्या.

बातमी अशी की मी आपली जीप विकत घेतली.

आपलीच, दुसरी नव्हे. आपला फिरता दवाखाना. जुन्या गोदामामागे ती चौदा वर्षं उभी होती. बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलं होतं आणि मागच्या बाकाखाली मुंगसानं बीळ केलं होतं. लिलावाच्या यादीत तिच्या नावापुढं एकच शब्द होता, भंगार. ज्या कारकुनानं तो लिहिला त्याला मी विचारलं की बाबा, नार्नूरच्या पलीकडं तू कधी गेला आहेस का? नाही म्हणाला. ही गेली आहे, मी म्हटलं, तुझा जन्म झाला त्या साली गेली आहे, कदाचित तुझ्या आईला घेऊन गेली असेल. त्याचा साहेब हसून तेलुगूत म्हणाला की अम्मा, आता हिच्यात फुलझाडं लावणार का? शिस्तीत राहण्याचं शिक्षण मला शाळेतल्या नन्सनी दिलेलं आहे. त्या दिवशी ते कामी आलं नाही.

घरच्यांनीही कमी केलं नाही. माझी बहीण वनमाला हैदराबादहून लिहिते की या वयात बायका रिझर्वेशन करून काशीला जातात. जाऊ देत. माझ्या भाच्याचं म्हणणं, घ्यायचीच तर छोटी नवी गाडी घे, तिला हीटर असतो. आदिलाबादला हीटर. इतकी वर्षं शिकवून याला हे सुचलं.

माझा बेत सांगते. दिवाळीनंतर, वाटा वाळल्या पण नाले अजून वाहते आहेत अशा दिवसांत, फिरत्या दवाखान्याचा सगळा जुना रस्ता पुन्हा करायचा. उटनूर, नार्नूर, तिथून वर डोंगरातली गावं, जिथं आजही बस जात नाही. पंधरा दिवस. जीपमध्येच झोपायचं, बाहेर तीन दगडांवर चहा. या वेळी औषधाची पेटी नाही, रजिस्टर नाही. वीस वर्षं आपण त्या रानातून फिरलो आणि एकही धबधबा धड पाहिला नाही. धबधबा दिसला की मी घड्याळ बघायची.

चालवायला तुम्ही या. एवढ्याचसाठी हे पत्र आहे. ती वाट दुसऱ्या कोणाच्या हाती मी देणार नाही आणि दुसऱ्या कोणाला ती येतही नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
डॉ. चारुशीला किनवटकर
निवृत्त वैद्यकीय अधिकारी


आदिलाबाद,
१९ सप्टेंबर १९९३

चंपतराव,

नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. आभारी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

कार्डावर चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या आहेत की न बघता लिहून दाखवते. "गिअर पेटीत जाड तेल टाकावे. डाव्या बाजूचे मागले स्प्रिंगचे पाटे आधीपासून बसलेले आहेत. हँडल मारताना अंगठा आवळून धरू नये, उलटा झटका बसतो. इकडे सर्व खुशाल."

येणार की नाही, याबद्दल अक्षर नाही. मी रागावले. सकाळभर रागावले, मग दुपारी जेवताना लक्षात आलं की चौथी ओळ रीतीची आणि पहिल्या दोन गाडीसाठी आहेत. तिसरी माझ्यासाठी आहे. अंगठा मोडू नये म्हणून. तुम्ही ती का लिहिलीत ते तुम्हाला ठाऊक.

आता गाडीचं सांगते. उटनूर रोडवर नरसिंगराव म्हणून मेकॅनिक आहे, पासष्टीचा, एका डोळ्यानं अधू. बसडेपोत तीस वर्षं काढून आता घरापुढच्या चिंचेखाली काम करतो. या जिल्ह्यात मी बरेच शल्यविशारद पाहिले. त्यातल्या निम्म्यांनी या माणसाकडं सहा महिने शिकायला बसावं. नट काढला की तो ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं पोत्यावर मांडतो, आणि त्या पोत्यावरून पाय टाकून जायची कोणाची हिंमत नाही. एकदा मी चुकून पाय टाकला, तर म्हणाला, "बाई, तुमच्या आपरेशनात म्या असा आलो अस्तो तर?" मी चप्पल काढून उभी राहिले.

सगळ्यांनी सल्ला दिला की डिझेल इंजिन टाका. नरसिंगरावनंही दिला, एकदाच. मी म्हटलं, मला हिचाच आवाज पाहिजे. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. ब्लॉक घासून घेतला, पिस्टन नवे, वरचं हेड नागपूरच्या जुन्या बाजारातून शोधून आणलं. स्टिअरिंगमधला ढिलेपणा काढला. आठवतं, अर्धा फेरा फिरवल्यावर कुठं चाकाला कळायचं? आता तिला लगेच कळतं. ब्रेक तर इतके चांगले झालेत की मला विश्वास बसत नाही. पुढं ओढून काढायचा भक्कम हूक, मागं वीस लिटरचा पाण्याचा डबा, दुसरं जादा चाक आणि हवेचा पाइप उंच करून काचेच्या कडेनं वर नेलेला, म्हणजे खोल पाण्यातही इंजिन श्वास घेईल. तुम्ही हे सगळं पाहाल तेव्हा काही बोलणार नाही, नुसते एकदा भोवती फिराल. मला माहीत आहे.

इंजिन ऐकायला तो पान्याचं एक टोक लोखंडाला लावतो, दुसरं कानाला. मी म्हटलं, माझा स्टेथस्कोप घ्या. त्यानं घेतला, डोळे मिटून ऐकला आणि परत दिला. म्हणाला, यानं लई जास्त ऐकू येते.

माझं तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं आहे असं वाटतं, म्हणजे तुमची तारीफ. त्या काळी ती करायची रीत नव्हती. नाला आला की तुम्ही गाडी थांबवून खाली उतरायचात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचात आणि काठी घेऊन आधी स्वतः पलीकडं चालत जाऊन यायचात. मग बॉनेट उघडून डायनामोचा बोल्ट ढिला करायचा आणि फॅनचा पट्टा काढायचा, म्हणजे पंखा फिरून पाणी प्लगांवर उडवणार नाही आणि गाडी मध्येच बंद पडणार नाही. पलीकडं गेलं की पुन्हा पट्टा चढवायचा, कारण त्याच पट्ट्यावर इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप चालतो. आठ मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली आहेत. वीस वर्षांत तुमची गाडी पाण्यात एकदाही बंद पडली नाही. बाकीच्या खात्यांच्या गाड्या बैल लावून ओढाव्या लागत आणि त्यांचे साहेब खांद्यावर बसून येत. मी माझ्या पायांनी उतरायची, कोरड्या चपलांनी. याचा मला गर्व होता, जणू ते मीच केलं.

काल नरसिंगरावनं जुनं हेड उचलून उन्हात धरलं. पार वाकडं झालं होतं. म्हणाला, "हे इंजिन असंच नाई जळलं. याच्यात पाणी फिरलंच नाई. डायवर नवशिका होता का?"

मी त्याला असं सुनावलं की तो पाना खाली ठेवून उभा राहिला. म्हटलं, त्या माणसासारखा ड्रायव्हर या जिल्ह्यात झाला नाही.

"मंग पट्टा काऊन नाई लावला त्यानं?"

मी म्हटलं, पाऊस होता.

पाऊस होताच.

तुम्ही येता का ते लिहा. कार्डावर पाचवी ओळ मावते.

आपली,
डॉ. चारुशीला किनवटकर


आदिलाबाद,
२४ ऑक्टोबर १९९३

चंपतराव,

नमस्कार. दसऱ्याचं सोनं तुमच्या घरी कोणी नेऊन दिलं नाही, ते इथूनच देते असं समजा. तुमचं उत्तर आलेलं नाही. आज त्याबद्दल तक्रार करणार नाही.

परवा ड्रायव्हरच्या सीटखालची पेटी उघडली. गंजून घट्ट बसली होती, छिन्नीनं तोडावी लागली. आत तुमचा पंचा होता, निळ्या काठाचा. त्याच्या घडीत तो पट्टा. पंच्याचं सूत हाताला लागताच तुटत होतं, पण आतला पट्टा कोरडा, रबर चिकटू नये म्हणून लावलेली भुकटीही तशीच.

नरसिंगराव तो हातात घेऊन बराच वेळ चिंचेखाली बसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ज्यानं पट्टा इतका जपून ठेवला तो लावाले इसरत नसते बाई. त्याले कोणीतरी थांबू नाई देल्लं."

तो पुन्हा कामाला लागला. त्या दिवसापासून मला चहा विचारतो, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही.

आता लिहिते. मला हे इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, कारण त्या भाषेत मी आयुष्यभर अहवाल लिहिले आणि अहवालात माणूस कुठंच नसतो. म्हणून मराठीत लिहिते.

नार्नूरकडून परत येत होतो. एकोणऐंशी सालचा भाद्रपद. उटनूरला तीन वाजता सभा होती, मोठे लोक येणार होते आणि लसीकरणाच्या कामासाठी प्रशस्तिपत्र द्यायच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. कुठलाही रोगी अडला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोकांना सांगताना मी एकदा एक अडलेली बाई मध्ये घातली होती. ती नव्हती. प्रशस्तिपत्र होतं.

नाला भरून चालला होता. तुम्ही पट्टा काढलात, गाडी पलीकडं आणलीत, उतरून बॉनेटला हात घातलात. मी म्हटलं, आता नको, उटनूरला गेल्यावर लावा.

तुम्ही म्हणालात, "बाई, आठच मिनिटं."

मी म्हटलं, "आठ मिनिटं माझ्याजवळ नाहीत. गाडीत बसा."

तुम्ही पट्टा पंच्यात गुंडाळलात आणि बसलात. चढावर तुम्ही पुन्हा सांगितलंत की गरमीचा काटा वर गेला, थांबावं लागेल. मी म्हटलं, चढ संपू द्या. तो संपला नाही, इंजिन संपलं. वाफेत तुम्ही उभे होतात. मागून बांबूची लॉरी आली, तिच्यात बसून मी गेले. तीनला पाच मिनिटं कमी असताना पोचले. टाळ्या झाल्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या चढावर गाडीची राखण करत बसला होतात, हे मला नंतर कळलं.

चौकशीत मी एक वाक्य लिहून दिलं. नाला ओलांडल्यावर वाहनचालकाने फॅनबेल्ट पुन्हा बसवला नाही. खाली सही. त्या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. खोटं बोलू नये हे मला शाळेत पाच वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं, आणि मी बोलले नाही. गाळू नये हे कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर असेन.

तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, चूक झाली साहेब. बाईंनी थांबू दिलं नाही, एवढंच सांगायचं होतं तुम्ही. मी त्या खोलीत बसले होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. मला वाटलं, हा माणूस मला वाचवतो आहे, आणि मी वाचले. तुम्हाला जीपवरून काढून औषधांच्या गोदामावर बसवलं. ज्याला पाण्यातली वाट पायांनी कळायची, तो माणूस सहा वर्षं कुलूप सांभाळत बसला आणि मग नोकरी सोडून शेतावर गेला. देवकाबाई एकदा दवाखान्यात आल्या होत्या, डोळे दाखवायला. त्यांनी मला काही म्हटलं नाही. त्याही नाही. तुम्हा दोघांच्या या न बोलण्याचा मला अनेक वर्षं राग येत असे. तुम्ही भांडला असतात तर मी तुम्हाला उत्तर दिलं असतं. मला उत्तर देता येतं, एवढं एकच मला नीट येतं.

मी जन्मभर कारकुनांवर, साहेबांवर, बहिणीवर चिडत आले. यातला किती राग त्यांच्यावरचा होता आणि किती माझ्यावरचा, ते आता हिशेबात धरायला नको.

आपल्या जुन्या खात्याला मी सविस्तर लिहिलं आहे. त्या वाक्यात जे गाळलं ते सगळं, स्वतःच्या नावानिशी. त्याची प्रत या पत्रासोबत आहे. उपयोग होईल असं नाही. फाईल सापडत नाही असं ते म्हणतील. पण तो कागद तुमच्याजवळ असावा.

चालवायला या, असं आता म्हणायचा मला हक्क नाही. पत्रात आधी दोनदा म्हटलं, तेही कबुली न देताच. तुम्ही आलात तर सगळं मिटलं असं मला समजता आलं असतं, म्हणून बोलावत होते. तुम्ही आला नाहीत हे तुम्ही बरोबर केलंत. नाल्यात उतरण्याआधी तुम्ही नेहमी काठीनं तळ बघायचात.

पट्टा मी नरसिंगरावला टाकू दिलेला नाही. तो जुना झाला आहे, गाडीला नवा लागेल. पण तो माझ्या टेबलावर आहे, प्रशस्तिपत्र जिथं होतं तिथं.

चारुशीला किनवटकर


आदिलाबाद,
३० नोव्हेंबर १९९३

चंपतभाऊ,

नमस्कार. देवकाबाईंना सांगा की त्यांनी पाठवलेला ज्वारीचा हुरडा मिळाला, अजून कोवळा होता, आणि सगळा मी एकटीनं खाल्ला.

मी शनिवारी बँकेत गेले नसते तर आपली भेट झाली असती. की मी बँकेत गेल्याचं पाहूनच तुम्ही चिंचेखाली आलात? नरसिंगराव सांगत नाही. बाकीचं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मीच सांगायला लावलं.

म्हणाला, बसमधून एक म्हातारा उतरला, धोतर, हातात काठी. रामराम केला आणि कोण, कुठला, काही बोलला नाही. गाडीभोवती एकदा फिरला. (मी लिहिलं नव्हतं का?) मागं डाव्या पाट्यावर हात ठेवला आणि मान हलवली. उंच नेलेल्या पाइपाकडं बघून विचारलं, "हे कोनाची अक्कल?" नरसिंगराव म्हणाला, बाईची. तर तुम्ही म्हणालात, "वाटलंच. बाईले श्वासाचं कळते." मग हँडल मागितलंत. नरसिंगराव म्हणाला, आता सेल्फ आहे, बटन दाबा. तुम्ही ऐकलं नाहीत. अंगठा बाहेर ठेवून एका झटक्यात चालू केलीत आणि कान देऊन उभे राहिलात. पान्याशिवाय, स्टेथस्कोपशिवाय. नरसिंगराव हे सांगताना जरा खट्टू झाला, कारण तुम्ही म्हणालात पट्टा बोटभर ढिला आहे, आणि तो खरंच होता. खिशातून तुमचा स्वतःचा पाना काढलात, कडा घासून बारीक केलेला, आणि बोल्ट आवळलात. चौदा वर्षं तो पाना तुम्ही ठेवलात. मी त्यावर काही लिहीत नाही.

नरसिंगरावनं तेव्हा ओळखलं. त्यानं तुम्हाला माझं पत्र पोचलं का विचारलं. तुम्ही म्हणालात, पोचलं, सूनबाईनं वाचून दाखवलं, मग स्वतः वाचलं. कागदाची प्रत देवाजवळ ठेवली आहे. मग विचारलंत, बाई कधी निघते? दत्तजयंतीच्या आसपास, तो म्हणाला. डायवर कोन? तो म्हणाला, अजून कोणी नाही, बाई स्वतःच शिकून राहिली, काल चिंचेला धडकवली. यावर तुम्ही हसलात असं तो म्हणतो. मला त्याच्या या एका गोष्टीवर विश्वास ठेवायचा आहे.

आणि निघताना बसच्या पायरीवरून तुम्ही जे म्हणालात ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं.

"बाईले इचारा, आता थांबता येते का."

चंपतभाऊ, तीन दिवस मी या एका वाक्याचं उत्तर शोधते आहे. वयानं माणूस थांबतो, गुडघ्यानं थांबतो, ते थांबणं नव्हे हे मला कळतं. पत्रात येतं असं लिहिलं तर तेही पुन्हा एक वाक्य, खाली माझी सही, आणि तुम्ही माझी वाक्यं आणि माझी सही ओळखता. म्हणून लिहीत नाही.

तुमच्या गावाच्या अलीकडं नाला आहे. नरसिंगरावनं चौकशी केली, या दिवसांत पाणी जेमतेम पोटरीएवढं असतं, पंख्याला लागतही नाही. न लागू दे. येत्या रविवारी सकाळी मी तिथं येते. नरसिंगराव शेजारी बसेल, त्यानं कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं आहे. अलीकडच्या काठावर मी उतरेन, साडी खोचून काठी घेऊन आधी पाणी चालून बघेन. मग बोल्ट ढिला करीन, पट्टा काढीन आणि गाडी पलीकडं आणीन. आणली तर. पलीकडं आल्यावर पट्टा चढवीन. महिनाभर चिंचेखाली तेवढंच शिकते आहे. तुम्हाला आठ मिनिटं लागायची. मला परवा बावीस लागली, आणि नखं काळी झाली ती निघत नाहीत. वनमालेला कळलं तर ती मला काशीला नेऊनच सोडेल.

तुम्ही पलीकडच्या काठावर उभे राहून बघा. मदत करू नका. मी चिडले तरी करू नका. चिडणार आहेच.

मग तुम्हाला जे वाटेल ते करा. घरी परत गेलात तर मी जुनं काही काढणार नाही, नाल्यावरूनच वळेन. आणि पुढं येऊन डाव्या बाजूला बसा म्हणालात, तर मी उजवी बाजू सोडून डावीकडं बसेन, आणि नार्नूरच्या वाटेवर जितके नाले लागतील त्या प्रत्येकाच्या पलीकडं मीच खाली उतरून पट्टा चढवीन.

घड्याळ मी वनमालेच्या सुनेला देऊन टाकलं.

नाल्याच्या पलीकडं, पट्टा चढेपर्यंत थांबणारी,
चारुशीला